साहित्याच्या मॅडमची ओळख: तुम्ही वारंवार विचारता ते प्रश्न

दरवर्षी नवीन बॅच आली की तेच प्रश्न येतात, काही वर्गात हात वर करून, बरेचसे तास संपल्यावर दारापाशी, आणि सगळ्यात खरे प्रश्न रात्री मेसेजवर. नाव, डिग्री, अनुभव अशी ओळख करून दिली तर तुमच्या कामाचं त्यात काहीच नसतं, म्हणून हे प्रश्नच एका जागी करून ठेवलेत. आधी सोपे, मग अवघड. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय निघाला की नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. तुम्हाला काय म्हणायचं? मॅडम, मॅम की बाई?

काहीही चालतं. मला स्वतःला 'बाई' आवडतं पण ते म्हणताना तुम्हालाच शाळेत गेल्यासारखं वाटतं, सो मॅडम म्हणा. फक्त मेसेज करताना आधी आपलं नाव आणि वर्ग टाका. प्रोफाइलला कार्टूनचा फोटो आणि मेसेज नुसता 'उद्या आहे का?' एवढाच, यावर मी काय उत्तर देणार.

२. तुम्ही साहित्यच का घेतलं? मार्क कमी पडले होते का?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि विचारणारा दरवर्षी मागच्या बाकावर असतो. नाही, मार्क होते. एकच गोष्ट दोन शहाणी माणसं वाचतात आणि दोघं अगदी प्रामाणिकपणे वेगवेगळं सांगतात, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. बाकीच्या विषयांत अशा वेळी एक जण चुकलेला असतो. इथे दोघंही बरोबर असू शकतात, दोघंही चुकू शकतात, आणि ते ठरवायला वादच घालावा लागतो. मला वाद घालायला आवडतं, म्हणून हा विषय.

३. तुम्ही स्वतः कविता लिहिता का?

नाही. परीक्षणं लिहिते, टिपणं काढते, कविता लिहित नाही. 'मग शिकवता कशा?' असा पुढचा प्रश्न येतोच, तर मी कविता लिहायला शिकवत नाही, वाचायला शिकवते. तुमची स्वतःची कविता मला दाखवायची असेल तर प्रश्न १३ बघा.

४. तुमचा आवडता लेखक कोण?

वर्ष संपल्यावर सांगते. आधी सांगितलं की पुढच्या पेपरात अर्धा वर्ग त्याच लेखकाचं कौतुक करून ठेवतो, अगदी प्रश्न दुसऱ्याच लेखकावर असला तरी. एवढं सांगते, की ज्या गोष्टीत सांगणाऱ्यावरच हळूहळू संशय यायला लागतो ती मला आवडते, आणि जी कविता शेवटच्या दोन ओळींत उपदेश करते तिच्याशी माझं जमत नाही. आणि हो, नेमलेलं प्रत्येक पुस्तक मला आवडतंच असं नाही. न आवडलेलं पुस्तकसुद्धा नीट शिकवता येतं, कधीकधी जास्त नीट, कारण तिथे आपण भारावून गेलेलो नसतो.

५. पहिल्या तासाला काय होतं? वही आणायची का?

वही नको, पेन्सिल आणा. मी एक कविता देते, छापील, खाली कवीचं नाव नसतं. तुम्ही ती दोनदा वाचायची आणि जिथे अडलात तिथे खूण करायची, बास. नाव का काढते, तर नाव दिसलं की आपण कविता वाचतच नाही, त्या नावाबद्दल जे ऐकलंय ते आठवत बसतो. ही युक्ती माझी नाही. आय. ए. रिचर्ड्स नावाच्या प्राध्यापकांनी केंब्रिजमधे विद्यार्थ्यांना अशाच बिननावाच्या कविता देऊन त्यावर लिहून घेतलं होतं आणि त्याचं पुस्तक १९२९ साली आलं. तिथल्या हुशार पोरांनीही नामवंत कवींच्या कविता टाकाऊ ठरवल्या होत्या, तेव्हा तुम्ही घाबरू नका.

पहिल्या तासाला नावं सांगा, छंद सांगा वगैरे मी करत नाही. तुमची ओळख तुम्ही कुठे खूण केलीत त्यावरून होते.

६. कवितेचा बरोबर अर्थ एकच असतो का? आणि नसेल तर मार्क कशाचे देता?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

एकच नसतो, पण कुठलाही चालतो असंही नाही. माझ्या वर्गात एकच नियम आहे आणि तो तुम्हाला वर्षभर ऐकून कंटाळा येणार आहे: ओळ दाखवा. जे म्हणताय ते कवितेत कुठून आलं ते बोट ठेवून दाखवा.

समजा ओळ अशी आहे (ही मीच आत्ता बनवलीय, कुठे शोधू नका):

'दार उघडंच ठेवून गेली आई,
दिवा मात्र विझवून.'

एक जण म्हणतो आई वारली. ओळ दाखव म्हटलं तर तो 'गेली' आणि 'विझवून' दाखवतो. ठीक, चालेल. दुसरी म्हणते नाही, ती घर सोडून गेलीय, आणि परत यायची वाट तिने मोकळी ठेवलीय, आणि ती 'उघडंच' मधला च दाखवते, शिवाय म्हणते की मेलेली बाई दिवा विझवून जात नाही, विझवणं हे मुद्दाम केलेलं काम आहे. हे आणखी चांगलं, कारण तिने पहिल्याचाच शब्द घेऊन त्याच्यावर उलटवला. तिसरा उठतो आणि म्हणतो मॅडम, आई म्हणजे देश. का रे बाबा? तर म्हणे कवितेत आई असली की देशच असतो. आता ह्याला ओळ दाखवता येत नाही. तो कविता वाचत नाहीये, मागे कुठेतरी वाचलेली नोट वाचतोय. ह्याच कवितेत पुढे कुठे नकाशा, सीमा, झेंडा असं काही आलं असतं तर मी त्याचंही मान्य केलं असतं.

तर मार्क अर्थाचे नसतात, अर्थापर्यंत कसे पोचलात त्याचे असतात. पहिला आणि दुसरी दोघांनाही मार्क, दुसरीला थोडे जास्त. तिसऱ्याला शाईचे.

एक फसवी जागा आहे. काही जण आपल्या मताला सोयीची एक ओळ दाखवतात आणि विरोधात जाणाऱ्या चार ओळींकडे काणाडोळा करतात. 'ओळ दाखवली ना, मग मार्क का कापले?' असं विचारायला येणारे बहुतेक ह्याच गटातले असतात. विरोधातली ओळ स्वतःहून काढायची आणि तिचं काय करायचं ते सांगायचं, मग उत्तर पूर्ण होतं.

७. कवीला हेच म्हणायचं होतं हे तुम्हाला कसं कळलं? त्याने सांगितलं का?

नाही सांगितलं, आणि सांगितलं असतं तरी वाद मिटला नसता. १९४६ साली विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली या दोन अमेरिकन समीक्षकांनी मांडलं की लेखकाच्या मनात काय होतं हा कविता तपासायचा निकषच नव्हे. पुढे १९६७ मधे फ्रान्सच्या रोलाँ बार्थने थेट लेखकाच्या मृत्यूचीच घोषणा करून टाकली. मला ते टोकाचं वाटतं. लेखकाचा काळ, त्याची भाषा, त्याची परिस्थिती कळली तर वाचताना फायदा होतोच, फक्त ती साक्ष म्हणून धरायची, निकाल म्हणून नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरातल्या माणसांनी ती गाणी उतरवून ठेवली, आणि त्या गेल्या १९५१ साली, पुस्तक आलं १९५२ साली. म्हणजे छापलेलं पान त्यांनी बघितलंच नाही. आता त्यांना काय म्हणायचं होतं हे विचारायचं कुणाला? पण कविता समोर आहे, आणि ती भरपूर बोलते.

म्हणून पेपरात 'कवीला असे म्हणायचे आहे की' लिहिण्याऐवजी 'कवितेत असं दिसतं की' लिहा. तेवढ्या बदलानेही तुम्ही आपोआप ओळीकडे परत जाता.

८. वृत्त, अलंकार, रस हे सगळं पाठ करावं लागतं का?

थोडंसं. पण घोकण्याआधी कानाने ओळखा. मनाचे श्लोक लहानपणी म्हटले असतील तर भुजंगप्रयात हे वृत्त तुम्हाला आधीच येतं, ल-गा-गा (एक लघु, दोन गुरू) चार वेळा, बारा अक्षरं, झालं. गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, नंतर लावा. उलट करायला गेलात की यमाताराजभानसलगं हे गणांचं सूत्र बोटांवर मोजता मोजता कवितेतलं काहीच हाती लागत नाही.

रसाच्या प्रश्नात नुसतं 'करुण रस आहे' लिहिलं तर ते लेबल झालं. नाट्यशास्त्रात मुळात आठच रस आहेत, शांत हा नववा नंतर धरला गेला, म्हणजे ही यादी काही आकाशातून पडलेली नाही, लोकांनी वाद घालून वाढवलीय. तुम्हीही सांगा की रस कुठल्या ओळीत बदलतो. बऱ्याचदा तो बदलतो आणि तिथेच खरी मजा असते.

९. जुनी मराठी कळतच नाही. ज्ञानेश्वरी वाचताना पहिल्या ओवीलाच डोकं दुखतं.

दुखणारच. तिचा काळ १२९० धरतात, सातशे वर्षांहून जास्त झाली, आणि तुम्ही ती मोबाइलवर स्क्रोल करत वाचायला बघताय. दोन गोष्टी करा. एक, मोठ्याने वाचा. ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळतं आणि चौथा चरण आखूड असतो, तो सुटा पडतो, हे कानाला कळलं की वाक्य कुठे तुटतं तेही कळतं. दोन, प्रत्येक शब्द अडला की थांबू नका, आधी क्रियापद शोधा. कोण काय करतंय एवढं सापडलं की बाकीचे शब्द टिपांमधून भरता येतात.

आणि जुनं म्हणजे फक्त अवघड असंही नाही. त्याच शतकातलं लीळाचरित्र उघडा, म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसांना विचारून विचारून गोळा केल्या, छोटी वाक्यं, माणसं एकमेकांशी बोलतायत, कोणी रुसतंय, कोणी शंका विचारतंय. सुरुवात तिथून केलीत तर ओवी नंतर सोपी जाते. त्या पंथाच्या लोकांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जपले होते, म्हणून ते बाहेरच्या वाचकांपर्यंत फार उशिरा पोचले.

१०. माझं शिक्षण मराठी मीडियममधे नाही झालं / मला वाचायची सवयच नाही. जमेल का?

जमेल. खरं सांगू का, सवय असलेल्यांपेक्षा तुम्ही कधीकधी बरे, कारण भराभर वाचणारा डोळा बऱ्याच गोष्टी गिळून पुढे जातो. रोज थोडी पानं, त्यातही कथेपासून सुरुवात करा, कादंबरीपासून नको. कथा एका बैठकीत संपते आणि संपल्याचं समाधान मिळतं. अडलेला शब्द लगेच शोधायची गरज नाही, खूण करून पुढे जा, तोच शब्द परत आला तर शोधा.

११. गाईड, यूट्यूबवरची समरी, एआय, यातलं काय चालतं?

वाचून झाल्यावर सगळं चालतं. वाचण्याऐवजी काहीच चालत नाही.

समरीत गोष्टीचं कथानक येतं, आणि कथानक हा गोष्टीतला सगळ्यात स्वस्त भाग आहे. गोष्ट कोण सांगतंय, कुठली माहिती मुद्दाम उशिरा देतंय, कुठल्या प्रसंगाला तीन पानं आणि कुठल्या मृत्यूला अर्धं वाक्य दिलंय, हे समरीत येत नाही आणि मी विचारते ते नेमकं तेच.

एआयचं वेगळं सांगते कारण हल्ली सबमिशनमधे ते सर्रास दिसतं. ते कवितेबद्दल छान गुळगुळीत बोलतं, पण ओळ मागितली की बऱ्याच वेळा कवितेत नसलेली ओळ अवतरणचिन्हात घालून देतं. कवीच्या शैलीसारखी असते, वृत्तात पण बसते कधी, फक्त कवीने लिहिलेली नसते. तुम्ही मूळ कविता उघडली नसेल तर तुम्हाला कळतच नाही, मला पहिल्या नजरेत कळतं. ओरडत नाही मी, शांतपणे विचारते की ही ओळ कुठल्या पानावर आहे. वर्ग एकदम शांत होतो. शंका विचारायला, एखादी संकल्पना समजून घ्यायला वापरा, हरकत नाही, पण पुस्तक शेजारी उघडं ठेवून.

आणि कादंबरीवरचा सिनेमा बघून पेपर लिहिता येत नाही. शेवट बदललेला असतो आणि तुम्ही बदललेला शेवट लिहून येता.

१२. शुद्धलेखनाचे मार्क कापता का? बोलीत लिहिलं तर?

वाचताना अडखळायला झालं तर कापते, एखाद्या ऱ्हस्व-दीर्घासाठी नाही. बोलीचं असं आहे:

पात्राच्या तोंडचं वाक्य उतरवत असाल तर ते पुस्तकात जसं आहे तसंच हवं, 'सुधारून' लिहू नका. लेखकाने मेहनतीने आणलेली बोली तुम्ही प्रमाण करून टाकली तर तो पुरावाच गेला. वर्गात तुमच्या बोलीत बोला, कुणी हसलं तर ते मी बघून घेते. पेपरात मात्र विवेचन प्रमाण मराठीत, कारण पेपर तपासणारी दरवेळी मीच असेन असं नाही.

अजून एक, जुन्या आवृत्तीत 'कांहीं', 'नाहीं', 'घरें' असं दिसलं तर ती छपाईची चूक नाही. न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहायची आधी पद्धतच होती, १९६२ च्या लेखननियमांनी ती गेली. उताऱ्यात ते तसेच ठेवा.

१३. मी कविता लिहिते/लिहितो. वाचून सांगाल का?

हो, एका वेळी एक. आधी एवढं ठरवून या की तुम्हाला मत हवंय की फक्त कुणीतरी वाचावं असं वाटतंय. दोन्ही ठीक आहे, पण दुसरं हवं असताना पहिलं मिळालं की लोक दुखावतात. मत हवं असेल तर मी बहुधा पहिली ओळ आणि शेवटची ओळ झाकून वाचायला सांगेन, त्याचं कारण तुम्हालाच कळेल. आणि कविता फारच काळजी वाटण्यासारखी असेल तर मी आधी 'तू बरा आहेस ना' असं विचारेन, वृत्ताचं नंतर.

१४. नेमलेल्या पुस्तकात शिव्या आहेत, हिंसा आहे, जातीचे उल्लेख आहेत. वाचायलाच पाहिजे का?

वाचायला पाहिजे, पण का आहे ते विचारायचा हक्क तुमचा. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली आल्या आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, ते निर्दोष सुटले. आज तेच कवी आपण मराठी नवकवितेचे प्रवर्तक म्हणून शिकतो. म्हणजे धक्का बसला एवढ्यावरून पुस्तकाबद्दल काहीच ठरत नाही, तो धक्का त्यात कशासाठी आहे तिथून चर्चा सुरू होते.

दलित आत्मकथनांचं जास्त जपून. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं, आणि त्यात किंवा त्यानंतरच्या पुस्तकांत जे आहे ते वर्गातल्या काहींसाठी 'साहित्य' असतं आणि काहींसाठी आजोबांची हकिकत असते. माझ्या तासाला कुणालाही 'तू सांग, तुमच्यात असं होतं का?' असं विचारायचं नाही. कोणीही वर्गात कुठल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून बसलेलं नाही. स्वतःहून बोलायचं असेल त्याने बोलावं, मी पूर्ण वेळ देईन. आणि 'आता असं काही राहिलं नाही मॅडम' हे वाक्य कुणी टाकलं तर त्यालाही ओळ दाखवावी लागते, हा नियम फक्त कवितेपुरता नाही.

एखादा उतारा तुम्हाला स्वतःच्या अनुभवामुळे झेपत नसेल तर तासाआधी सांगा. कारण विचारणार नाही, त्या दिवशी बाहेर बसा, पर्यायी काम देते.

१५. वर्गात बोलायला भीती वाटते. त्याचे मार्क जातात का?

नाही. चिठ्ठीवर लिहून द्या, मी नाव न घेता वाचते. प्रश्न ५ मधली पेन्सिलची खूणसुद्धा बोलणंच आहे. फक्त वर्षभर गप्प राहून शेवटी 'मला काहीच कळलं नाही' असं करू नका.

१६. तुमचं लग्न झालंय का? वय किती? आडनावावरून कळत नाही, तुम्ही कुठल्या? मत कुणाला देता?

पुढचा प्रश्न.

१७. परीक्षेत ओळ नीट आठवली नाही तर? तुम्हीच म्हणता ओळ दाखवा.

शंभर टक्के खात्री असेल तरच अवतरणचिन्हं. नसेल तर चिन्हं काढा आणि आपल्या शब्दांत सांगा, 'तिसऱ्या कडव्यात दिवा विझवल्याचा उल्लेख येतो' एवढं पुरतं, मी ते ओळ दाखवल्यातच धरते. एखादा शब्दच आठवत असेल तर तेवढाच शब्द अवतरणात घाला, तो एक शब्द बरोबर असला तर पुष्कळ. अर्धी आठवलेली ओळ स्वतःच्या मनाने पुरी करू नका, ते एआयनेही केलेलं मला चालत नाही (प्रश्न ११).

१८. तुमचा अर्थ मला पटला नाही तर वर्गात तसं म्हणू का?

म्हणा, आणि तेव्हाच म्हणा, तास संपल्यावर कॉरिडॉरमधे नको, कारण मग ते बाकीच्यांना ऐकायला मिळत नाही. पान नंबर सांगून सुरुवात केलीत तर मी पुस्तक उघडून तिथे जाते आणि परत वाचते. पटलं तर फळ्यावर माझं खोडून तुमचं लिहिते. नाही पटलं तर दोन्ही फळ्यावर राहतात, आणि पेपरात यातलं कुठलंही लिहा, मार्क प्रश्न ६ प्रमाणेच.